कंबरदुखीचं कोडिंग: एम५४.५० टाकून मोकळं व्हायच्या आधी

आमचं काम मेडिकल कोडिंगचं, म्हणजे पेशंटचा चार्ट (डॉक्टरची नोट) वाचून त्यातल्या आजाराला बिलासाठी ठरलेला कोड लावायचा. कंबरदुखीचा चार्ट आला की आमच्याकडचे नवीन पोट्टे-पोट्टी एकदम खुश. दोन मिनिटात संपते, एम५४.५० (नुसती कंबरदुखी) टाका आन् पुढचा उघडा. आणि मी ऑडिटला, म्हणजे लावलेले कोड तपासायला, बसते तेव्हा सगळ्यात जास्त परत जातात ते हेच चार्ट. हार्टचा चार्ट असला तर घाबरून का होईना माणूस नीट वाचते, कंबरेचा कोणी वाचतच नाही राजेहो. म्हणून एकदाचं सगळं लिहून राहिली, म्हणजे पुढच्या वेळी कोणी "ताई, हा परत काहून आला?" म्हणत डेस्कजवळ आलं की मला पोहे थंड करून तेच तेच सांगायला नको.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण नागपुरात दोन्हीकडचे लोक आहेत. मी सांगते ते अमेरिकेच्या क्लेमचं (विमा कंपनीला पाठवायच्या बिलाचं), म्हणजे आयसीडी-१०-सीएम ही तिथली आजारांच्या कोडची यादी, जी तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. माझी एक मैत्रीण इथल्याच एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्डला आहे, ती म्हणे तुझा एम५४.५९ आमच्या पुस्तकात सापडतच नाही, काहीही सांगते तू. सापडणार कसा, तिच्याकडे डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) आयसीडी-१० आहे आणि तिथे कंबरदुखी म्हणजे एम५४.५, विषय संपला. पाचवं अक्षर अमेरिकेवाल्यांनी आपल्या सोयीनं लावलेलं आहे. तेव्हा इथल्या हॉस्पिटलात काम करत असाल तर कोड तुमच्या पुस्तकातलाच घ्या, पण नोट कशी वाचायची हा भाग दोघांनाही सारखाच लागतो.

ते पाचवं अक्षर आलं १ ऑक्टोबर २०२१ ला. त्या दिवसापासून नुसता एम५४.५ बाद आणि त्याच्या जागी तीन: एम५४.५० म्हणजे कारण-प्रकार काहीच सांगितलेला नाही अशी कंबरदुखी, एम५४.५१ म्हणजे मणक्याच्या एंडप्लेटमधून (मणक्यांमधल्या चकतीला, म्हणजे डिस्कला, लागून असलेल्या पृष्ठभागातून) येणारी व्हर्टिब्रोजेनिक कंबरदुखी, आणि एम५४.५९ म्हणजे डॉक्टरनं काहीतरी ठराविक प्रकार लिहिला आहे पण त्याला स्वतःचा वेगळा कोड नाही. मी तेव्हा जिथे होती तिथे क्लायंटच्या क्लिनिकनं सॉफ्टवेअरमधली नेहमीच्या कोडची फेव्हरेट लिस्ट बदललीच नव्हती आणि आम्हीही डोळे झाकून आलं ते पुढे ढकललं, मग काय, दुसऱ्या आठवड्यापासून क्लेम धडाधड परत. दिवाळीच्या तोंडावरचे दोन शनिवार त्यातच गेले. वरून घाईघाईत एकानं सगळेच्या सगळे एम५४.५ बदलून एम५४.५० करून टाकले, सप्टेंबरच्या व्हिजिटचे पण, ते पुन्हा परत आले. कोणता कोड चालतो हे व्हिजिटच्या तारखेवर ठरते, बिल कधी पाठवलं त्याच्यावर नाही. ३० सप्टेंबर २०२१ ची व्हिजिट असेल तर एम५४.५ आणि १ ऑक्टोबरची असेल तर एम५४.५०, एका रात्रीचा फरक. ॲडमिट पेशंट असेल तर डिस्चार्जची तारीख पाहायची. जुन्या क्लेमचं अपील हातात आलं की आजही हे लागते, म्हणून सांगून ठेवते.

आता मुद्द्याचं. मागच्या मे महिन्यात माझ्या सासऱ्यांनी कूलर भरायला बादली उचलली, काठोकाठ भरलेली, आणि वळता वळता उसण भरली. पलंगाचा खूर धरून अर्धे वाकलेले तसेच उभे, ना खाली बसता येते ना सरळ होता येते. सासूबाई म्हणे लचक भरली. शेजारचे काका आले, ते म्हणे नस दबली. दीर म्हणे मणक्यात गॅप आला असन. माणूस एक, दुखणं एक आणि पाच मिनिटात तीन डायग्नोसिस. मी तिथे तेल गरम करता करता मनातल्या मनात कोड लावत होती, एवढी खराब सवय लागली आहे, पण खरं सांगते, सगळं कोडिंग याच तीन वाक्यात आहे.

लचक म्हणजे स्ट्रेन. डॉक्टरनं लंबर (कंबरेचा) स्ट्रेन लिहिलं तर तो एम५४ नाहीच, तो दुखापतीचा कोड, एस३९.०१२ आणि पुढे सातवं अक्षर. स्नायूऐवजी लिगामेंटचं म्हणजे स्प्रेन लिहिलं तर एस३३.५ आणि मध्ये दोन एक्स भरून सातव्या जागी अक्षर, म्हणजे एस३३.५एक्सएक्सए. सातव्या अक्षराचं सगळ्यांचं एकच चुकते: ए म्हणजे पहिली व्हिजिट असं पाठ करून ठेवलं आहे. तसं नाही. ए म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे, मग ती तिसरी व्हिजिट का असेना, दुसरा डॉक्टर का असेना. ट्रीटमेंट होऊन आता फक्त भरून यायचं आहे, फॉलोअप चालू आहे, तर डी. आणि जुन्या दुखापतीचं शिल्लक राहिलेलं दुखणं असेल तर एस. उचलताना झालं हे नोटमध्ये असेल तर एक्स५०.०एक्सएक्सए सोबत लावता येतो, सगळीकडे सक्तीचा नाही, पण कामावर झालेल्या दुखापतीत मागतात म्हणून क्लायंटचा नियम पाहून घ्या.

पण लक्षात घ्या, बादली उचलली आणि कंबर धरली एवढ्यावर स्ट्रेन होत नाही. नोटमध्ये गोष्ट सगळी लचकेची असेल आणि खाली असेसमेंटमध्ये (जिथे डॉक्टर आपला निष्कर्ष लिहितो) डॉक्टरनं नुसतं लो बॅक पेन (कंबरदुखी) लिहिलं असेल तर कोड लो बॅक पेनचाच. आपण सासूबाई नाही. आणि स्ट्रेन लिहिलं असेल तर सोबत एम५४.५० लावायचा नाही, कारण एम५४.५ खाली एक्सक्लुड्स१ मध्ये स्ट्रेन चक्क लिहिलेला आहे. एक्सक्लुड्स१ म्हणजे हे दोन एकत्र बसत नाहीत, एक्सक्लुड्स२ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही असतील तर दोन्ही लावा. एन्कोडर (कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर) वापरता वापरता लोक या दोन ओळी वाचायच्या विसरून गेले आहेत, मी अजूनही पहिले त्याच वाचते.

नस दबली म्हणणारे काका जास्त त्रासाचे, कारण इथे पाय येतो. एक चार्ट दाखवते, नाव-गाव काढून. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दहा दिवसांपासून कंबर दुखते, दुखणं डाव्या पायात गुडघ्याच्या खालपर्यंत जाते, एसएलआर (सरळ पाय वर उचलून करायची तपासणी) डावीकडे चाळीस डिग्रीला पॉझिटिव्ह, असेसमेंटमध्ये लिहिलं आहे डाव्या बाजूच्या सायटिकासह (पायात उतरणारं नसेचं दुखणं) लो बॅक पेन. आमच्या पोट्टीनं दोन कोड लावले, एम५४.५० आणि एम५४.३२. तिच्या हिशोबानं बरोबर, कंबर एक आणि सायटिका एक. पण दोन्ही एकत्र असलं की त्याला जोडकोड आहे, एम५४.४२, डावीकडची सायटिका आणि लंबेगो (कंबरदुखी) मिळून. उजवीकडे असलं तर एम५४.४१. बाजू नसेलच लिहिली तर एम५४.४०, पण तो टाकायच्या आधी पूर्ण नोट वाचा, तपासणीत बाजू सापडते बहुतेक वेळा. आणि डॉक्टरनं नसेल लिहिली तर दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोंदीवरून बाजू घ्यायला गाईडलाइनमध्ये परवानगी आहे. फक्त बाजू, डायग्नोसिस नाही.

याच चार्टमध्ये असेसमेंटला सायटिका शब्द नसता तर? दुखणं पायात जाते, एसएलआर पॉझिटिव्ह, सगळं आहे पण शब्द नाही. तर एम५४.४२ नाही लागत. पायात कळ जाते हे वर्णन आहे, सायटिका हे डायग्नोसिस आहे आणि वर्णनाचं डायग्नोसिस करायचं काम डॉक्टरचं, त्याच्यासाठी तो दहा वर्षं शिकला. तिथे मग कंबरदुखीचा एम५४.५० आणि डाव्या पायाच्या दुखण्याचा एम७९.६०५, किंवा खरं पाहिलं तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न. क्वेरीवर शेवटी येते.

डॉक्टरनं रॅडिक्युलोपॅथी (मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाचा त्रास) लिहिली तर लंबरला एम५४.१६ आणि लंबोसेक्रलला (कंबर आणि त्याखालच्या हाडाचा जोड) एम५४.१७. मणका कोणता ते पाहा (एल म्हणजे कंबरेचा, एस म्हणजे त्याच्या खालचा): एल४-एल५ लंबर, एल५-एस१ लंबोसेक्रल, हे एकदा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा. आणि रॅडिक्युलोपॅथी डिस्कमुळे आहे असं डॉक्टरनं लिहिलं असेल तर एम५४ मधून बाहेर पडायचं, एम५१.१६ किंवा एम५१.१७, एकाच कोडात डिस्क पण आली आणि नस पण आली. डिस्क सरकली आहे पण नसेचं काही नाही तर एम५१.२६, एम५१.२७. यातल्या कशाच्याच सोबत एम५४.५० नाही, डिस्कचं दुखणं डिस्कच्या कोडात आलेलंच आहे. तर्री मागवल्यावर पोहे वेगळे लिहायला लावत नाही ना कोणी.

आता दिराचा गॅप. लोक ज्याला गॅप म्हणतात ते बहुतेक वेळा डिस्क झिजणं, डिजनरेशन. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून मोठा बदल आहे आणि अजूनही जुना एम५१.३६ टाकणारे सापडतात मला. आता सहावं अक्षर लागते आणि ते दुखणं कुठे आहे त्याच्यावर ठरते: फक्त डिस्कमुळे कंबर दुखते तर एम५१.३६०, फक्त पाय दुखतो तर एम५१.३६१, दोन्ही तर एम५१.३६२, आणि दुखण्याचा उल्लेखच नाही तर एम५१.३६९. लंबोसेक्रलला तसंच एम५१.३७ मध्ये. म्हणजे आता डॉक्टरनं नुसतं डीडीडी (डिस्कचं डिजनरेशन) लिहून सही केली की आपल्या हातात शेवटचा नऊ येतो, आणि समोर पेशंट कंबर धरून बसलेला असतो. पेअरला (पैसे देणाऱ्या विमा कंपनीला) मग प्रश्न पडतो की दुखतच नाही तर इंजेक्शन कशाचं.

इथेच एमआरआयची भानगड येते. रिपोर्टमध्ये दोन बल्ज (बाहेर फुगलेल्या डिस्क), एक डिजनरेशन, थोडी फॅसेटची (मणक्यांमधल्या सांध्याची) झीज असं लांबलचक लिहिलेलं असते आणि पोट्टे त्याच्यावरून पाच कोड उचलतात. ऑफिस व्हिजिट कोड करून राहिले ना तुम्ही, मग डॉक्टरनं त्या व्हिजिटमध्ये त्यातलं काय धरलं ते पाहा. बिना दुखण्याच्या लोकांचे एमआरआय काढले तरी झीज दिसतेच. २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना काहीच त्रास नाही अशा वीस वर्षांच्या लोकांत ३७ टक्के आणि ऐंशी वर्षांच्या लोकांत ९६ टक्के जणांच्या डिस्कमध्ये डिजनरेशन दिसलं होतं. तेव्हा रिपोर्टमध्ये आहे म्हणजे दुखण्याचं कारण तेच आहे असं नसते. ती गाठ डॉक्टरनं मारायची.

स्टेनोसिसला (मणक्यातली नसांची वाट अरुंद होणं) एका शब्दासाठी कोड बदलतो. एम४८.०६१ म्हणजे न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन (नसा दबून चालताना पाय भरून येणं) नाही, एम४८.०६२ म्हणजे आहे. नोटमध्ये लिहिलेलं असते की थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, बसलं की बरं वाटते, दुकानात ट्रॉलीवर वाकून चाललं की त्रास होत नाही. कोणत्याही ऑर्थोवाल्याला हे वाचून समजते काय आहे ते. पण शब्द लिहिला नसेल तर आपल्याला फक्त शेवटी एक असलेला मिळतो.

क्रॉनिक म्हणजे जुनाट दुखण्याबद्दल भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर. आठ महिन्यांपासून दुखते असं लिहिलं आहे, तर क्रॉनिक धरून जी८९.२९ (क्रॉनिक दुखण्याचा कोड) लावायचा का? नाही. किती दिवसांनंतर दुखणं क्रॉनिक होते याची मुदत गाईडलाइनमध्ये कुठेच दिलेली नाही, डॉक्टरनं क्रॉनिक शब्द लिहिला पाहिजे. लिहिला असेल आणि कारण माहीत नसेल तर जी८९.२९ आणि एम५४.५० दोन्ही चालतात. पुढे कोणता? पेशंट दुखणं कमी करायसाठीच आला असेल, पेन मॅनेजमेंटला, तर जी८९ पहिला, नाहीतर कंबरेचा पहिला. कारण माहीत आहे आणि त्या कारणाचीच ट्रीटमेंट चालू आहे तर जी८९ लागतच नाही. आणि क्रॉनिक पेन सिंड्रोम, जी८९.४, हे वेगळं आहे, सिंड्रोम असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय हात लावू नका.

सस्पेक्टेड, प्रोबेबल, रूल आउट (संशय आहे, शक्यता आहे, नाही ना ते तपासायचं आहे) हे ओपीडीत कोड होत नाही, हे सगळ्यांना परीक्षेपुरतं पाठ असते आणि प्रोडक्शनला बसले की विसरतात. रूल आउट डिस्क हर्निएशन (डिस्क सरकणं) लिहिलं, एमआरआयला पाठवलं, तर आजचा कोड कंबरदुखीचा. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम उलटा आहे, तिथे शेवटी प्रोबेबल लिहिलं तर असल्यासारखं धरतात. ओपीडी आणि ॲडमिट दोन्ही चार्टचे क्यू एकाच दिवशी करत असाल तर जपून.

एम५४.५१ बद्दल थोडक्यात. मणक्यातली बेसिव्हर्टिब्रल नस जाळायची प्रोसिजर आहे, सीपीटी (प्रोसिजरचा कोड) ६४६२८, जानेवारी २०२२ पासून, ती आली की हा कोड पाहायला मिळतो. एमआरआयमध्ये मोडिक चेंजेस (एंडप्लेटजवळच्या हाडातले बदल) टाइप एक किंवा दोन दिसले म्हणून आपण होऊन एम५४.५१ टाकायचा नाही, डॉक्टरनं व्हर्टिब्रोजेनिक किंवा एंडप्लेटचं दुखणं असं लिहायला पाहिजे. मी एवढ्या वर्षांत हातावर मोजण्याइतके पाहिले आहेत.

तुमच्यापैकी जे स्क्राइब आहेत, डॉक्टरच्या बाजूला बसून नोट लिहितात, त्यांच्यासाठी वेगळं सांगते कारण अर्धी चूक तिथेच होते. लंबर स्पाइनच्या एमआरआयची, म्हणजे ७२१४८ ची मंजुरी मागताना पेअर सहा आठवड्यांची साधी ट्रीटमेंट पाहतात, आणि आपल्याकडून लिहून जाते फेल्ड कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट (साध्या ट्रीटमेंटनं फरक नाही), बस. याच्यावर डिनायल (नकार) नाही येणार तर काय येणार. कोणती गोळी, किती दिवस, फिजिओला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती सेशन, घरचा व्यायाम केला का, त्यानं दहापैकी आठ असलेलं दुखणं किती झालं, हे लिहा. दुखण्यानं काय अडते तेही लिहा, वीस मिनिटांच्या वर बसता येत नाही, मोजे घालता येत नाहीत, असं. आणि नसलेल्या गोष्टीही लिहा: ताप नाही, वजन उतरलं नाही, कॅन्सरचा इतिहास नाही, लघवी-संडासावरचा ताबा गेला नाही, बसायच्या जागी बधीरपणा नाही. यातली एखादी असली तर सहा आठवडे थांबायचा प्रश्नच राहत नाही, म्हणून विचारलं होतं की नाही हे कागदावर दिसलं पाहिजे. मागच्या व्हिजिटची नोट कॉपी-पेस्ट करू नका, मी एकदा एका पेशंटची सलग चार महिने तीच "तीन दिवसांपासूनची" कंबरदुखी वाचली आहे.

आता क्वेरी. चार्ट असा: कंबर दुखते, उजव्या पायात तळव्यापर्यंत मुंग्या, एसएलआर उजवीकडे पॉझिटिव्ह, घोट्याचा रिफ्लेक्स कमी, एमआरआयमध्ये एल५-एस१ ला हर्निएशन एस१ च्या नसेला टेकलेलं, गॅबापेंटिन (नसेच्या दुखण्याचं औषध) सुरू केलं, आणि असेसमेंट: लो बॅक पेन. आमच्या एका पोट्ट्यानं क्वेरी लिहिली, "डॉक्टर, या पेशंटला रॅडिक्युलोपॅथी आहे ना? कृपया लिहा म्हणजे क्लेम नीट जाईल." एका वाक्यात दोन गुन्हे. उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलं आणि वरून पैशाची गोष्ट काढली. मी ती थांबवली आणि त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घेतली: आधी नोटमधल्या खुणा जशाच्या तशा, तारखेसकट, मग "या तपासणीवरून आणि ट्रीटमेंटवरून आपलं डायग्नोसिस काय ते कृपया स्पष्ट करावं", आणि खाली पर्याय, लंबोसेक्रल डिस्कच्या आजारासह रॅडिक्युलोपॅथी, उजव्या बाजूच्या सायटिकासह लो बॅक पेन, फक्त लो बॅक पेन, दुसरं काही असल्यास ते लिहावं, सांगता येत नाही. डॉक्टरचं उत्तर दोन दिवसांनी आलं. उत्तर होतं, "हो."

नुसतं हो. कशाला हो ते नाही. पोट्टा म्हणे ताई, पहिल्यालाच असन ना, टाकू का एम५१.१७? नाही म्हटलं बे, पुन्हा पाठव. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं नोटमध्ये ॲडेंडम (नंतरची पुरवणी नोंद) टाकलं, तारीख, वेळ, सहीसकट, डिस्क हर्निएशन एल५-एस१ उजव्या रॅडिक्युलोपॅथीसह, आणि मग आम्ही एम५१.१७ टाकून चार्ट बंद केला.